ओळखीचं गाव, ओळखीचा माणूस आणि फ्रेंचमधलं ‘कोनेत्र’

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

फ्रेंच शिकणाऱ्या वाचकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा व्याकरणाच्या सगळ्या कोपऱ्यांतून पत्रं येतील असं वाटलं होतं. सातारा-सांगली भागातून आलेली निम्मी पत्रं मात्र एकाच क्रियापदाभोवती फिरणारी निघाली : कोनेत्र, म्हणजे माणूस किंवा ठिकाण माहीत असणं. म्हणून या वेळी फक्त तीच घेतली आहेत.

फ्रेंच शब्द देवनागरीत देतो आहोत. वाचताना तीन गोष्टी सांभाळा. ‘झ’ हा झाडातला झ नाही, तर टेलिव्हिजनमधला ‘ज’ आपण इंग्रजी बोलताना उच्चारतो तो आवाज आहे. ‘ओं’, ‘आं’, ‘अँ’ हे नाकातून म्हणायचे, शेवटी न किंवा म ऐकू येता कामा नये. आणि ‘न्यू’, ‘त्यू’ यांत ओठांचा चंबू करून आतून ‘ई’ म्हणायचं, य जवळजवळ गिळायचा.

‘माहीत असणे’ला दोन क्रियापदं का? कोणतं कधी वापरायचं? पाठ केलं तरी पेपरात चुकतंच. (अकरावीची विद्यार्थिनी, कराड)

बहुतेक पुस्तकांत ‘कोनेत्र म्हणजे ओळखणे, साव्वार म्हणजे माहीत असणे’ असं एका ओळीत दिलेलं असतं, आणि चूक तिथूनच सुरू होते. मराठीत आपण माणसाला ओळखतो, पण गावाला ओळखत नाही. ‘मी सांगलीला ओळखतो’ असं कोणी म्हणत नाही, ‘मला सांगली माहीत आहे’ म्हणतो. मग विद्यार्थी ‘माहीत आहे’ पाहून साव्वार उचलतो आणि ‘झ से सांगली’ लिहून येतो. ते चूक आहे. बरोबर वाक्य : झ कोने सांगली.

आपण रेघ मारतो ती माणूस आणि बाकीच्या गोष्टी यांच्यामध्ये. फ्रेंच भाषा ती रेघ भलतीकडेच मारते. क्रियापदानंतर नाम येतंय की आख्खं वाक्य, एवढंच ती बघते. पुढे माणूस, गाव, रस्ता, पुस्तक, पदार्थ, गाणं असं काही नाम असेल तर कोनेत्र. पुढे ‘की’, ‘कुठे’, ‘का’, ‘केव्हा’, ‘कसं’ घेऊन वाक्य येत असेल तर साव्वार. एकच माहिती दोन्ही तऱ्हांनी सांगून पाहा :

मला त्याचा पत्ता माहीत आहे : झ कोने सोंनाद्रेस.
तो कुठे राहतो ते मला माहीत आहे : झ से ऊ इलाबीत.

अर्थ तोच. पहिल्यात ‘पत्ता’ हे नाम आहे, दुसऱ्यात ‘तो कुठे राहतो’ हे वाक्य. कोनेत्रच्या मागे ‘क’ (म्हणजे आपला ‘की’) किंवा ‘ऊ’ (कुठे) कधीच लागत नाही. तसंच ‘पोहता येतं’, ‘गाडी चालवता येते’ यांसारखं ‘-ता येणं’ असेल तर तेही साव्वारच : झ से नाझे, मला पोहता येतं.

घाईत आठवण्यासाठी आपल्याच भाषेत एक चांगली खूण आहे. वाक्य ‘ओळखीचं’ हा शब्द घालून फिरवता येतं का ते बघा. ओळखीचा माणूस, ओळखीचं गाव, ओळखीचा रस्ता, ओळखीची चाल : मराठीला यातलं काहीच खटकत नाही. जिथे ‘ओळखीचं’ बसतं तिथे डोळे मिटून कोनेत्र वापरा. ‘तो उद्या येणार ओळखीचं’ असं काही होत नाही, म्हणून तिथे साव्वार.

काही नामांशी दोन्ही चालतात : नाव, उत्तर, तारीख, धडा. ‘झ से मा लसों’ म्हणजे धडा पाठ आहे, विचारा. ‘झ कोने सेत लसों’ म्हणजे हा धडा माझ्या नजरेखालून गेलेला आहे. पेपरात अशा नामाशी अडलात तर कोनेत्र लिहा, बहुतेक वेळा ते सुरक्षित ठरतं. पाठांतराचाच मुद्दा असेल तेवढं साव्वार ठेवा.

आणखी एक चूक आपण मराठी माणसं हमखास करतो. ‘तुमच्या भावाला ओळखतो’ यातल्या ‘ला’साठी आपण ‘आ’ घालतो आणि ‘झ कोने आ वोत्र फ्रेर’ म्हणतो. कोनेत्रला मध्ये काहीही लागत नाही : झ कोने वोत्र फ्रेर. सर्वनामही त्यामुळे ‘ल, ला, ले’ हेच येतं. ‘त्याला’ म्हणून ‘ल्युई’ आणू नका. मी त्याला ओळखतो : झ ल कोने. तिला : झ ला कोने. त्यांना : झ ले कोने.

तिन्ही एकवचनी रूपं ऐकायला सारखीच वाटतात. फ्रेंच ऑडिओत एक माणूस की अनेक, हे कळायचं कसं? (वाचक, विटा)

सारखीच वाटतात, कारण ती सारखीच आहेत. झ कोने, त्यू कोने, इल कोने (मी, तू, तो) : लिहिताना फक्त तिसऱ्याचं शेवटचं अक्षर बदलतं, उच्चारात बदल नाही. ‘इल’ हे ‘तो’लाही आणि ‘ते’लाही ऐकू येतं, म्हणून कान शेवटाकडे लावायचा. इल कोने म्हणजे तो ओळखतो. इल कोनेस म्हणजे ते ओळखतात. तो शेवटचा ‘स’ हीच अनेकवचनाची एकमेव खूण आहे. बोलताना तो ‘स’ स्पष्ट मारा, नाहीतर ऐकणाऱ्याला एकच माणूस दिसेल. बाकी : नू कोनेसों (आम्ही, आपण), वू कोनेसे (तुम्ही).

वर्गात न शिकवलेली गोष्ट म्हणजे घाईच्या बोलण्यात ‘झ कोने’चं ‘श्कोने’ होतं. ‘ओळखत नाही’ हे लिखाणात ‘झ न कोने पा’, तोंडी मात्र ‘श्कोनेपा’. साव्वारचं तर ‘शेपा’ एवढंच उरतं, म्हणजे ‘माहीत नाही बुवा’. ऑडिओत शब्द सापडत नसतील तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

कास पठारावर फुलांच्या हंगामात फ्रेंच पाहुणे येतात. ‘सातारा माहीत आहे का’ असं विचारायला गेलो की ते गोंधळतात. नेमकं काय विचारावं? आणि ते उलट विचारतात तेव्हा उत्तर काय द्यावं? (स्थानिक गाइड, सातारा)

प्रश्न असा : वू कोनेसे सातारा? शेवटी आवाज चढवा, वेगळा प्रश्नार्थक शब्द लागत नाही. कासबद्दल विचारायचं तर : वू कोनेसे ल प्लातो द कास?

आता अर्थाकडे बघू. ठिकाणाच्या बाबतीत कोनेत्र म्हणजे तिथे जाऊन आलेलं असणं, तिथे वावरलेलं असणं. नकाशावर कुठे आहे हे ठाऊक असणं त्यात येत नाही. पाहुण्यांनी तुम्हाला ‘वू कोनेसे पारी?’ विचारलं तर ‘पॅरिस नावाचं शहर ठाऊक आहे का’ असा त्याचा अर्थ नसतो. ‘पॅरिसला कधी गेलात का’ असा असतो. फक्त ऐकून माहीत असेल आणि तुम्ही ‘वी, झ कोने’ म्हणालात, तर पुढचा प्रश्न तिथल्या एखाद्या पेठेबद्दल येईल आणि पंचाईत होईल. अशा वेळी म्हणा : झ कोने द नों, नावाने माहीत आहे. किंवा : झां ने आंतांद्यू पार्ले, ऐकून आहे. गेला असाल तर : वी, झी स्युई आले द फ्वा, दोनदा गेलोय. नसेल गेला तर : नों, पा आंकोर, अजून नाही. हे शेवटचं उत्तर त्यांना आवडतं, कारण त्यात जायची इच्छा दिसते.

ठिकाण किंवा वस्तू असेल तर ‘वी, झ कोने’ एवढंच पुरतं, ‘त्याला’ ‘तिला’ लावायची गरज नाही. माणसाबद्दल विचारलं असेल तर मात्र सर्वनाम लागतंच : वी, झ ल कोने.

शहराच्या नावाआधी काही नाही : झ कोने वाई. देशाच्या आणि राज्याच्या नावाआधी मात्र ‘ल’ किंवा ‘ला’ हवं : झ कोने ल महाराष्ट्र, झ कोने लँद (भारत).

पाहुणे आणखी एक प्रश्न विचारतात आणि त्यात गाइड हमखास चुकतात : वू कोनेसे अँ बों रेस्तोरां? शब्दशः ‘तुम्हाला एखादं चांगलं हॉटेल माहीत आहे का’. इथे नुसतं ‘वी’ म्हणून थांबू नका. ते नाव विचारतायत. उत्तर : वी, झां कोने अँ, हो, एक माहीत आहे, आणि मग नाव व रस्ता सांगा. शेवटच्या ‘अँ’च्या जागी ‘द’ (दोन) किंवा ‘प्ल्युझियर’ (बरीच) येईल, पण आधीचं ‘झां’ सोडू नका. माहीत नसेल तर : झ नां कोने पा.

तुमची स्वतःची ओळख द्यायची असेल तर एक वाक्प्रचार पाठ ठेवा : झ कोने कास कॉम मा पोश. म्हणजे खिशासारखं माहीत आहे, आपल्या भाषेत खडा न् खडा माहीत आहे. दुसऱ्याबद्दल सांगताना खिसा बदलतो : इल कोने वाई कॉम सा पोश.

सतार-तंबोऱ्याच्या कामाला आमच्याकडे परदेशी ग्राहक येतात. तीन वर्षांनी एक जण परत आला, त्याला ‘ओळखलं’ म्हणायला ‘झ वू कोने’ म्हणालो. बरोबर का? (वाद्यकारागीर, मिरज)

तुमचा भाव पोहोचला असेल, शब्द मात्र चुकला. आणि ही चूक मराठीतूनच आली आहे.

‘ओळखणे’ या आपल्या एका शब्दात दोन गोष्टी आहेत. ‘मी त्याला ओळखतो’ ही स्थिती, बरीच वर्षं चाललेली. ‘मी त्याला ओळखलं’ हा एक क्षण : चेहरा दिसला, आवाज आला, डोक्यात दिवा लागला. मराठी हा फरक काळ बदलून दाखवते. फ्रेंच त्यासाठी क्रियापदच बदलते. स्थितीला कोनेत्र, क्षणाला रकोनेत्र. म्हणजे सुरुवातीला ‘र’ लावायचा, बाकी चालवायचं तसंच.

म्हणून ग्राहकाला : झ वू रकोने! ओळखलं तुम्हाला. त्याला विचारायचं असेल, ओळखलंत का : वू म रकोनेसे? खुणेने ओळखलं हे सांगायला ‘वरून’च्या जागी ‘आ’ येतं. आवाजावरून ओळखलं : झ ले रकोन्यू आ सा व्वा. तुमच्याच कामातलं वाक्य : ओं रकोने अँ बों तानपुरा ओ सों, चांगला तंबोरा नादावरून ओळखू येतो.

मग ‘झे कोन्यू’ म्हणजे काय? तो भूतकाळ आहे, पण ‘ओळखलं’ असा नाही. एक तर पहिली भेट : झे कोन्यू सों फ्रेर आ मिरज, त्याच्या भावाची ओळख मिरजेत झाली. नाहीतर संपलेली ओळख. इथे फार जपून राहा. ‘झे ब्यँ कोन्यू वोत्र पेर’ म्हणजे ‘तुमच्या वडिलांना मी चांगला ओळखत होतो’. वडील हयात असताना हे वाक्य वापरलं तर ऐकणारा दचकतो, कारण ते गेलेल्या माणसाबद्दलचं बोलणं वाटतं. हयात असतील तर साधा वर्तमानकाळ : झ कोने वोत्र पेर.

‘ओळखा पाहू’ मधला ओळखणे तिसराच. ते अंदाज बांधणं आहे, त्याला दविने. ‘दविने!’ एवढं म्हटलं की झालं. रकोनेत्रला ‘कबूल करणे’ असाही अर्थ आहे : झ रकोने मोनेरर, माझी चूक मान्य. बिलाचा हिशेब चुकला तर उपयोगी पडेल.

दहा वर्षांपासून ओळखतो हे कोणत्या काळात? (वाचक, फलटण)

वर्तमानकाळात, जसं मराठीत तसंच : झ ल कोने दप्युई दीझां. इंग्रजीतून भाषांतर करणारे इथे भूतकाळ घालतात. तुम्ही मराठीतून थेट या, चूक होणारच नाही.

फ्रान्समधल्या खरेदीदाराच्या मेलमध्ये ‘वू वू-झी कोनेसे आं एपीस?’ असं होतं. दोनदा वू कशाला? आम्ही हळदीचे व्यापारी आहोत, आम्हाला यातलं कळतं हे कसं सांगायचं? (हळद व्यापारी, सांगली)

हे वेगळं क्रियापद आहे : स-ई-कोनेत्र आं अमुक. अर्थ, अमुक विषयातलं कळणं, त्यातला जाणकार असणं. पहिलं ‘वू’ कर्ता, दुसरं ‘वू’ त्याचंच प्रतिबिंब, मधलं ‘ई’ म्हणजे ‘त्यात’. त्यांनी विचारलंय : मसाल्यांतलं कळतं का तुम्हाला? उत्तर : वी, झ मी कोने आं क्युरक्युमा. क्युरक्युमा म्हणजे हळद. ‘आं’नंतर ‘ल’ किंवा ‘ला’ घालायचं नाही, नाम उघडं ठेवायचं. पेढीच्या वतीने बोलताना : नू नू-झी कोनेसों आं क्युरक्युमा. कळत नसेल तर प्रामाणिकपणे : झ न मी कोने पा.

फोनवर, ओळख वाढल्यावर, जास्त रांगडं वाक्य चालतं : ल क्युरक्युमा, सा म कोने! शब्दशः ‘हळद मलाच ओळखते’. इथे कर्ता उलटला आहे, चूक झालेली नाही. पण पहिल्या मेलमध्ये हे लिहू नका. तिथे ‘नोत्र मेझों’ने सुरुवात करा. मेझों म्हणजे घर, आणि व्यापारात पेढीही, अगदी आपल्या ‘घराणं-पेढी’सारखं.

मालाच्या लौकिकासाठी ‘कोन्यू पूर’ हे शब्द आहेत : ल क्युरक्युमा द सांगली ए कोन्यू पूर सा कुलर, सांगलीची हळद तिच्या रंगासाठी प्रसिद्ध आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते मेलमध्ये जरूर लिहा. फ्रेंच खरेदीदाराला ‘अँदिकास्यों झेओग्राफीक’ हा शब्द घरचा आहे. वाइन आणि चीज ते याच पद्धतीने ओळखतात. शहरच कर्ता असेल तर स्त्रीलिंग की पुल्लिंग या घोळात पडू नका, आधी ‘ला वील द’ (शहर) लावा : ला वील द सांगली ए कोन्यू पूर… मग लिहिताना ‘कोन्यू’ला शेवटी ई जोडायचा. उच्चार तोच राहतो.

तासगावकडचे बेदाणेही पाठवत असाल तर एक सावधगिरी. फ्रेंचमध्ये ‘रेझँ’ म्हणजे द्राक्ष. बेदाण्याला ‘रेझँ सेक’, म्हणजे सुकं द्राक्ष, म्हणावं लागतं. इंग्रजी शब्दाच्या भरवशावर नुसतं ‘रेझँ’ लिहिलं तर समोरचा ताज्या द्राक्षांच्या कंटेनरचा भाव विचारेल.

सुनेचे आईवडील ल्यों शहरातून पहिल्यांदाच घरी येतायत. त्यांचं स्वागत कसं करू? मला तू-तुम्ही आणि ओळखीपाळखीचे शब्द हवेत. (गृहिणी, सातारा)

दारात एक शब्द पुरतो : आंशांते. थोडं भरघोस हवं असेल तर : रावी द फेर वोत्र कोनेसांस, तुमची ओळख झाली, आनंद वाटला. तुम्ही स्त्री असल्यामुळे लिहिताना दोन्हींना शेवटी जादा ई येतो, बोलताना काही फरक नाही. हे फक्त पहिल्या भेटीला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ‘आंशांते’ म्हटलं तर काल भेट झालीच नव्हती असं होईल. पुढच्या वर्षी परत आले की : रावी द वू रव्वार.

व्याह्यांना ‘वू’ म्हणा, ते ‘त्यू’ म्हणा म्हणाले की बदला. त्यांची मुलगी मात्र आईवडिलांना ‘त्यू’ म्हणेल. त्यात अनादर नाही, तिथे घरात सहसा सगळे ‘त्यू’च असतात.

शेजारणीची ओळख करून देताना ‘कोनेसांस’ हा शब्द टाळा. ‘सेत्युन कोनेसांस’ म्हणजे नुसती तोंडओळख. वीस वर्षांच्या शेजारणीला ते लागेल. ‘युन आमी’ (मैत्रीण) किंवा ‘मा व्वाझीन’ (माझी शेजारीण) म्हणा.

आता पेढ्यांकडे. कंदी पेढ्यांची थाळी पुढे करून विचारा : वू कोनेसे? हो, खाण्याच्या पदार्थालाही हेच क्रियापद. ‘नों, झ न कोने पा’ म्हणाले तर ती नापसंती समजू नका. ‘कधी खाल्ला नाही’ एवढंच त्यांना सांगायचंय. लगेच म्हणा : गूते! चाखून बघा. भाजका खवा आणि कमी साखर असलेला पेढा त्यांना आपल्या इतर मिठायांपेक्षा लवकर रुचण्यासारखा आहे, म्हणून सुरुवात त्यानेच करा.

आणि हे आजारपणासाठी : पेर्द्र कोनेसांस म्हणजे शुद्ध हरपणे. पाहुण्यांपैकी कोणी उन्हात घेरी येऊन पडल्याचं सांगू लागलं तर ‘ओळख हरवली’ असं समजू नका.

जुन्या पुस्तकात हे क्रियापद वेगळ्या स्पेलिंगने दिसलं, आणि नव्यात डोक्यावरची टोपी नाही. बरोबर कोणतं? मूळ काय? (निवृत्त शिक्षक, वाई)

आजचं रूढ स्पेलिंग : सी, ओ, दोन एन, ए, आय, टी, आर, ई. टोपी आयवर. ही टोपी म्हणजे पूर्वी त्या जागी असलेल्या आणि पुढे गळालेल्या ‘एस’ची खूण. नियम सोपा आहे : आयच्या लगेच पुढे टी असेल तरच टोपी. म्हणून मूळ रूपाला टोपी, ‘इल कोने’ला टोपी, भविष्यकाळाच्या सगळ्या रूपांना (झ कोनेत्रे वगैरे) टोपी. ‘झ कोने’, ‘नू कोनेसों’ यांना नाही, कारण तिथे आयपुढे एस आहे. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर टोपी नसली तरी चालते. दोन्ही बरोबर आहेत. एका लिखाणात एकच पद्धत धरा, एवढंच.

तुमच्या जुन्या पुस्तकात ए-आयच्या जागी ओ-आय असणार. तशीच रीत होती. फ्रेंच अकादमीने १८३५ च्या कोशात ए-आय स्वीकारलं. इंग्रजीने रसिक-जाणकार या अर्थाचा ‘कॉनसर’ शब्द त्याआधी उचलला, म्हणून त्यात तो जुना ओ-आय अजून अडकून बसला आहे.

मूळ लॅटिन ‘कोग्नोस्केरे’. त्यातला ‘ग्नो’ आणि संस्कृतमधला ‘ज्ञा’ हे एकाच मूळ धातूचे. त्या ‘ज्ञा’पासून आपलं ज्ञान, आणि जानाति करत आलेलं आपलं ‘जाणणे’. म्हणजे कोनेत्र आणि जाणणे हे खरेखुरे चुलतभाऊ आहेत. साव्वारचं कूळ वेगळं : लॅटिन ‘सापेरे’, चव असणे, चव कळणे, आणि त्यावरून शहाणपण असणे. वर्गात ही गोष्ट सांगितली तर मुलं दोन्ही क्रियापदं सहसा विसरत नाहीत.

फ्रेंच बातमीत सांगलीबद्दल ‘आ कोन्यू द ग्राव-झिनोंदास्यों’ असं होतं. शहर पुराला कसं ओळखेल? (वाचक, सांगली)

आपणही म्हणतोच की, ‘या शहराने २०१९ चा महापूर पाहिला’. शहराला डोळे नसतात, तरी मराठीला ते चालतं. फ्रेंच तिथे ‘पाहणे’ऐवजी कोनेत्र घेते. अर्थ : अनुभवणे, वाट्याला येणे. पूर, दुष्काळ, मंदी, भरभराट, यश, सगळ्याला चालतं. एखाद्या नाटकाबद्दल ‘इल आ कोन्यू अँ ग्रां स्युक्से’, त्याला मोठं यश मिळालं. हे लिखाणातलं वळण आहे, कट्ट्यावर बोलताना कमी ऐकू येतं. आणि किरकोळ गोष्टीला वापरत नाहीत : रेल्वेला उशीर झाला तर साधं ‘ल त्रँ आ द्यू रतार’ म्हणा.

‘इथे मी कोणालाच ओळखत नाही’ यात नकार दोनदा येतो का? (नोकरीनिमित्त फ्रान्सला निघालेला वाचक, इचलकरंजीजवळून, सध्या मुक्काम सांगली)

झ न कोने पेर्सोन इसी. ‘पेर्सोन’मध्येच ‘कोणीही नाही’ आहे, त्यामुळे ‘पा’ घालायचं नाही. भूतकाळात त्याची जागा शेवटी : झ ने कोन्यू पेर्सोन. आणि पूर्ण अनोळखी माणसाबद्दल विचारलं, तर तिथल्या लोकांचं ठेवणीतलं वाक्य आहे : झ न ल कोने नी देव नी दादां. ना इव्हकडून, ना ॲडमकडून, म्हणजे मानवजातीच्या पहिल्या पिढीपर्यंत मागे गेलं तरी नातं लागत नाही.